माझं नाव कोण वापरतंय?

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि ॲथलेटिक्समधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक आलं. ती फेक आपण सगळ्यांनीच पुन्हा पुन्हा पाहिली. आमच्या मैदानावरच्या पोरांना मात्र मी त्याचा दुसराच एक व्हिडिओ दाखवते, त्याच महिन्याच्या २६ तारखेचा. त्यात भाला नाही, धाव नाही. तेवीस वर्षांचा एक मुलगा कॅमेऱ्यासमोर साध्या हिंदीत बोलतोय आणि स्वतःच्याच चाहत्यांना थांबवतोय.

झालं असं होतं. एका मुलाखतीत त्यानं सहज सांगितलं की अंतिम फेरीत पहिल्या फेकीआधी त्याला त्याचा भाला दिसेना. शोधलं तर तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमकडे होता. भाऊ, हा माझा भाला आहे, दे, मला फेकायचाय, असं म्हटल्यावर अर्शदनं तो लगेच दिला. गोष्ट इथेच संपते. पण ती समाजमाध्यमांवर गेली आणि दोन दिवसांत तिचा कट झाला. पाकिस्तानी खेळाडूनं भाला पळवला, त्यात काहीतरी बिघाड करायचा होता, अशा पोस्ट हजारोंनी फिरल्या. सगळ्या नीरजच्या बाजूनं, त्याच्या प्रेमानं, त्याचा फोटो लावून.

नीरज गप्प बसला असता तर त्याचं काहीच बिघडलं नसतं. उलट चाहते वाढले असते. त्यानं व्हिडिओ केला. भाला प्रत्येकाचा आपापला असला तरी स्पर्धेत तो कुणीही वापरू शकतो, तसा नियमच आहे, अर्शद आपल्या फेकीची तयारी करत होता, यात गैर काही नाही, हे त्यानं समजावून सांगितलं. आणि पुढे जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: माझ्या नावाचा आधार घेऊन हा वाद वाढवू नका, खेळ आम्हाला मिळून राहायला शिकवतो, बोलण्याआधी नियम तरी जाणून घ्या.

समोरच्या गर्दीशी भांडणारे पुष्कळ असतात. आपल्याच बाजूच्या गर्दीला, जी आपला जयजयकार करते आहे तिला, ‘तुम्ही चुकताय’ म्हणणारा विरळा. मी शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. नेतृत्व या विषयावर पुस्तकात बरंच काही असतं. पण पोरांना ते कळतं या व्हिडिओतून.

संध्याकाळी मी मैदानावर असते, कारण आमचे क्रीडाशिक्षक एकटे आहेत आणि धावणाऱ्या मुली बऱ्याच. तालुक्याचं गाव, पाऊस कमी, चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक दरवर्षी आम्हीच आखतो. इथली मुलं पहाटे साडेपाचला येतात, स्टार्ट कसा घ्यायचा, टाच कुठे ठेवायची, शेवटच्या शंभर मीटरसाठी दम कसा राखायचा, हे सगळं शिकतात. सर त्यांच्या पायाचा कोनसुद्धा बघतात. आणि ज्या दिवशी जिल्ह्याला पदक मिळतं, त्या दिवशी त्याच मुलाच्या हातात एक असं साधन येतं ज्याच्याबद्दल त्याला कुणी काहीही शिकवलेलं नसतं. त्याचा आवाज. म्हणजे खरं तर त्याचा फोन.

आमच्याकडे पदक आलं की पहिल्यांदा फ्लेक्स लागतो. चौकात, एसटी स्टँडसमोर. त्यावर मुलीचा फोटो तळहाताएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो पुरुषभर उंचीचे. मला याचा राग येत नाही असं नाही, पण फ्लेक्स निदान आठ दिवसांत उतरतो. फोनवरचं तसं नसतं. कुणीतरी दादा मुलीला पोस्टमध्ये टॅग करतो, ती आनंदानं स्टोरीला लावते. मग निवडणूक येते. दादांच्या कार्यकर्त्याचा फोन येतो की ताई, एक छोटा व्हिडिओ करून द्या ना, फक्त ‘दादांनी खेळाडूंसाठी खूप केलं’ एवढंच बोला. मुलगी सोळा वर्षांची, अजून मतदारही नाही. तिच्या नावाला गावात किंमत आली आहे हे तिच्याआधी इतरांना कळलेलं असतं.

म्हणून माझ्या तासाचा पहिला प्रश्न तोच असतो: तुझं नाव कोण वापरतंय, आणि कशासाठी? दादांनी खरोखर स्पाइक्स घेऊन दिले असतील तर तसं सांगायला हरकत नाही. स्पाइक्सबद्दल आभार मान, स्वतःच्या शब्दांत. पण दुसऱ्यानं लिहून दिलेलं वाक्य आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही. आणि एखाद्या गावाबद्दल, जातीबद्दल, धर्माबद्दल राग पेटवणारी पोस्ट तुझ्या फोटोसकट फिरत असेल तर नीरजनं काय केलं ते आठव.

याची किंमत त्यालाही पुढे मोजावी लागली, तेही मी लपवत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये अर्शदनं ९२.९७ मीटर फेक करून ऑलिंपिक विक्रम केला, नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं. तेव्हा नीरजची आई म्हणाली होती की ज्यानं सुवर्ण जिंकलं तोही आमचाच मुलगा. सगळ्या देशानं त्या माऊलीला डोक्यावर घेतलं. पुढच्या एप्रिलमध्ये नीरजनं बेंगळुरूच्या आपल्या स्पर्धेचं निमंत्रण अर्शदलाही पाठवलं, त्यानंतर लगेच पहलगामचा हल्ला झाला आणि नीरजवर, त्याच्या घरच्यांवर शिव्यांचा पाऊस पडला. नीरजला निवेदन काढावं लागलं. निमंत्रण हल्ल्याआधी गेलं होतं, एका खेळाडूनं दुसऱ्या खेळाडूला दिलं होतं, आणि आता अर्शदनं येण्याचा प्रश्नच उरत नाही, हे त्यात होतं. आईच्या ज्या शब्दांचं वर्षभरापूर्वी कौतुक झालं त्याच शब्दांवरून आज तीच माणसं तिला बोलतायत, हे दुःखही त्यानं त्यात मांडलं. मुलांनो, चांगलं वागलात तर लोक चांगलं म्हणतील, असं मी त्यांना कधीच सांगत नाही. ते खरं नाही.

मैदानावरच्या मोठ्यांची मतं वेगळी असतात. ‘खेळावर लक्ष द्या, बाकीच्या भानगडीत पडू नका,’ हे आमच्याकडचं पिढीजात वाक्य. त्यामागची भीती मला समजते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं, त्यांची पडताळणी, संघातली निवड. गरीब घरच्या मुलीचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी सहीवर टांगलेलं असतं. ती बोलली आणि सही अडली तर? म्हणून आईवडीलही म्हणतात, गप्प राहा. पण गप्प राहायला शिकवलेली मुलगी, तिच्याबरोबर काही वाईट घडलं तरी गप्पच राहते. आणि नेमकं हेच हवं असणारी माणसं खेळात असतात.

मग बोलायचं कसं? इथे मला नागपूरची दिव्या देशमुख फार जवळची वाटते. जानेवारी २०२४ मध्ये ती नेदरलँड्सच्या वाइक आन झी गावात टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत चॅलेंजर्स गटात खेळत होती. वय नुकतंच अठरा पूर्ण. स्पर्धेनंतर तिनं इन्स्टाग्रामवर लिहिलं की तिला स्वतःला ज्यांचा अभिमान वाटला असे काही डाव ती खेळली, पण प्रेक्षकांचं लक्ष डावांकडे नव्हतंच. तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यावरच चर्चा. पुरुष खेळाडूबद्दल असं क्वचितच होतं. बायकांच्या खेळाची कदर होत नाही आणि नको त्या गोष्टींवर द्वेष केला जातो, हे तिनं स्पष्ट लिहिलं. जगभर त्याची चर्चा झाली.

त्या पोस्टची रचना मी मुलींबरोबर ओळीओळीनं वाचते. तिनं सुरुवातीलाच म्हटलं आहे की हे बरेच दिवस बोलायचं होतं, पण स्पर्धा संपण्याची वाट पाहत होते. म्हणजे राग आला त्या क्षणी तिनं फोन उचलला नाही. आधी डाव पुरे केले. कुणा एका प्रेक्षकाचं नाव घेतलं नाही, कुणाचा फोटो टाकला नाही. स्वतःवर काय गुदरलं ते सांगितलं आणि तिथून सगळ्या खेळाडू मुलींच्या वाट्याला काय येतं तिथवर गेली. जे माहीत नाही त्याचा दावा कुठेच नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून ती महिला विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या मुलींनी शाळेत पेढे वाटले. पण ती जिंकली नसती तरी तिचं बोलणं तितकंच खरं होतं, हे मी त्यांना मुद्दाम सांगते. बोलायचा हक्क पदकातून येत नाही. तो संविधानाच्या कलम १९ मधून येतो आणि जिल्ह्याला शेवटून पहिल्या आलेल्या मुलीलाही तितकाच आहे.

आमच्या मुलींनाही कमेंट येतात. धावायच्या चड्डीवरून, पायांवरून, रंगावरून. एकीनं मला स्क्रीनशॉट दाखवला आणि विचारलं, ‘मॅडम, ह्याचं नाव उघड करून टाकू?’ तिच्या जागी तो प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही सगळ्या मिळून पाहिलं तर तो खालच्या गल्लीतला नववीतला मुलगा. त्या दिवशी झालेली चर्चा माझ्या कुठल्याही धड्यापेक्षा चांगली झाली. एक म्हणाली, त्यानं विचार केला होता का आपला? दुसरी म्हणाली, पण आपले दोनतीन हजार फॉलोअर्स त्याच्यावर सोडले तर तो शाळा सोडेल. तिसरी म्हणाली, तो एकटा नाहीच, त्याच्या मागे हसणारे दहा आहेत, त्यांचं काय? शेवटी ठरलं ते असं: स्क्रीनशॉट जपून ठेवायचा, खातं रिपोर्ट करायचं, मुख्याध्यापकांकडे लेखी द्यायचं, आणि पोस्ट लिहायचीच तर कमेंटबद्दल लिहायची, मुलाबद्दल नाही. अनोळखी मोठा माणूस असेल, फोटोशी छेडछाड करत असेल, पैसे किंवा भेट मागत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सरळ पोलीस, सायबर गुन्ह्यांची १९३० ही हेल्पलाइन, नाहीतर मुलांसाठीचा १०९८. हे दोन आकडे आमच्या साहित्याच्या खोलीच्या दारावर रंगवून घेतले आहेत.

फोटोशी छेडछाड म्हटलं की मला २८ मे २०२३ आठवतो. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत कुस्तीगीर मुली त्या वर्षी १८ जानेवारीला दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, समिती नेमल्यावर उठल्या, आणि काहीच हलेना म्हणून २३ एप्रिलला पुन्हा बसल्या. गुन्हे नोंदवून घेण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघाल्या तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. गाडीतून त्यांचा एक सेल्फी बाहेर आला, विनेश आणि संगीता फोगाट त्यात होत्या, चेहरे ओढलेले. काही तासांत त्याच फोटोची दुसरी आवृत्ती फिरू लागली, त्यात त्या दोघी हसत होत्या. यंत्राकडून चेहऱ्यांवर हसू चिकटवलेलं. बघा, नाटकं कशी चाललीत, असं खाली लिहून लोकांनी तो पुढे ढकलला.

मी हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवते आणि विचारते, यातला खरा कोणता? दरवेळी काही मुलं हसरा फोटो निवडतात, कारण तो जास्त स्वच्छ दिसतो. मग आम्ही बघतो की आधी कोणता आला, कुणाच्या खात्यावरून आला, दात आणि गाल कुणाचे वाटतात. ही सवय अंगी बाणायला वेळ लागतो. पण चळवळ करणाऱ्या मुलीची बदनामी करायला आता खोटी गोष्ट रचावी लागत नाही, ओठांचे कोपरे वर केले तरी भागतं, हे एकदा कळलं की मुलं फॉरवर्डच्या बटणावर बोट ठेवताना थांबतात.

त्याच आंदोलनातून आणखी एक गोष्ट शिकवावी लागते आणि ती शिकवताना मला फार जपून बोलावं लागतं. कळवळ्यानं लिहिणाऱ्या माणसांकडूनही पीडितेचं नुकसान होतं. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव, फोटो, शाळा, गाव, तिची ओळख पटेल असं काहीही उघड करायला कायद्यानं बंदी आहे. अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे. ‘आमच्या मैत्रिणीला न्याय द्या’ म्हणत तिचा गणवेशातला फोटो टाकणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आणि आरोप सिद्ध होईपर्यंत लिहिताना ‘आरोप’ हाच शब्द ठेवायचा. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी आरोप नाकारले, अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण न्यायालयानं २०२५ मध्ये बंद केलं, प्रौढ कुस्तीगीरांच्या तक्रारींवर आरोप निश्चित होऊन खटला उभा राहिला. हे सगळं एकाच वेळी खरं आहे, आणि खेळाडूच्या बाजूनं उभं राहणाऱ्यानं ते सगळं सांगितलं पाहिजे. अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं विरोधक सांगतो, आणि मग तुमचं खरं असलेलंही कुणी ऐकत नाही.

तक्रार कुठे करायची हे तर मोठ्यांनाही ठाऊक नसतं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी, तिची प्रमुख महिला हवी. क्रीडासंस्थाही यात येतात. कुस्तीचं प्रकरण पेटल्यावर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं अनेक राष्ट्रीय महासंघांना नोटिसा पाठवल्या, कारण समित्याच नव्हत्या किंवा नीट बनवलेल्या नव्हत्या. ज्या मुलींना टीव्हीवरून आपण विचारत होतो की आधीच तक्रार का नाही केलीत, त्यांना तक्रार करायला खिडकीच नव्हती. आमच्या मुली आता कुठल्याही शिबिराला निघाल्या की समिती कोण, तिथे महिला व्यवस्थापक कोण, हे पालकांच्या सहीनं विचारून घेतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आयोजक नाराज झाले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नावं आधीच छापली.

पैशाबद्दल थोडं. हल्ली स्पर्धेला जायला लोकांकडून ऑनलाइन वर्गणी मागितली जाते. त्यात लाज वाटायचं काहीच कारण नाही. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले. खाशाबा कांस्य घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनवरून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती आपण अभिमानानं सांगतो. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते: खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. मागितलेल्या पैशाचा हिशेब देणं हे माझ्या लेखी नेतृत्वातलं पहिलं काम आहे. आमच्या मुलीसाठी वर्गणी काढली तेव्हा तिकिटांच्या आणि बुटांच्या पावत्या त्याच ग्रुपवर टाकल्या, उरलेले पैसे दुसऱ्या मुलाच्या फीला वळवताना आधी देणाऱ्यांना विचारलं.

आणि जाहिराती. पैसे लावून खेळायच्या ॲपचं कोड बायोमध्ये टाका, महिन्याला इतके देतो, असे निरोप दहावीतल्या पोरांना येत होते. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आणली, ते बरं झालं. प्रोटीनच्या डब्यांचं अजून चालूच आहे. पैसे घेऊन केलेली पोस्ट असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे, एवढं तरी मुलांना माहीत हवं. डब्यात काय आहे हे न बघता त्याची शिफारस करणाऱ्या खेळाडूवर उत्तेजक चाचणीत अडकायची वेळ येऊ शकते, आणि त्याचं ऐकून तो डबा घेणाऱ्या पोरावरही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि किमान चार महिलांना जागा, खेळाडूंची स्वतंत्र समिती, तंट्यांसाठी न्यायाधिकरण, सुरक्षित खेळाचं धोरण, हे सगळं त्यात आहे. मला प्रश्न पडतो तो असा की त्या खुर्च्यांवर बसणार कोण? इतिवृत्त वाचता येणारे, अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारे, दबाव आला तर लेखी मागणारे खेळाडू आपण कुठे घडवतोय? आपल्या क्रीडा प्रबोधिन्यांमध्ये मुलं वर्षानुवर्षं राहतात. तिथे आहारतज्ज्ञ असावा असं सगळ्यांना पटतं. आठवड्यातून एक तास नागरिक म्हणून वावरण्याचा असावा असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात चळवळींवर अख्खं प्रकरण आहे. ते फक्त वर्गात शिकवून भागणार नाही, ते मैदानावर आणलं पाहिजे.

सध्या आमच्याकडे एक गोष्ट चालू आहे. मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृह आहे त्याला पाणी नाही. मुलींनी व्हिडिओ केला, चांगला केला, पाहणाऱ्याला संताप यावा असा. टाकायच्या आधी तासभर वाद झाला. एक मुलगी म्हणाली, आपण कधी लेखी मागितलंच नाही, मग ते म्हणतील आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणून आधी अर्ज गेला, सत्तावीस मुलींच्या आणि पालकांच्या सह्यांचा. सोबत माझ्या नावानं माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: या मैदानाच्या देखभालीला गेल्या तीन वर्षांत किती निधी आला आणि कुठे खर्च झाला. लिपिकानं पोच द्यायला खळखळ केली, मुली खिडकीसमोरून हलल्या नाहीत, शेवटी दोन्ही प्रतींवर शिक्का आणि आवक क्रमांक पडला. व्हिडिओमधून त्यांनी त्या लिपिकाचा चेहरा काढून टाकला आहे आणि पोचेचा फोटो घातला आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत आहे. एकतिसाव्या दिवशी सकाळच्या सरावानंतर व्हिडिओ टाकायचा की आधी पहिलं अपील करायचं, यावर मुलींचे दोन तट पडले आहेत.